हेडली नॅन्कारोचा डावा हात

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या बंदर समितीच्या प्रमुख श्रीमती टॅमसिन बोसॅन्को, व्यासपीठावरचे आपले सत्कारमूर्ती श्री. हेडली नॅन्कारो आणि सौ. लव्हडे नॅन्कारो, आदरणीय धर्मगुरू, पोर्थकारनच्या लाइफबोटीचे आजी-माजी खलाशी, सकाळपासून केशराचे बनपाव भाजणाऱ्या मदत मंडळाच्या भगिनी, आणि भाषण लांबलंच तर पटकन सटकता यावं म्हणून दाराशी उभे असलेले माझे जुने मित्र. सर्वांना नमस्कार.

मला तुम्ही ओळखता, पण पाहुण्यांच्या माहितीसाठी सांगतो. मी डेंझिल रोस्करो. चौदा वर्षं इथल्या लाइफबोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान होतो, त्याआधी साधा खलाशी; वादळात अडकलेल्यांना सोडवायला जायचं, तेही बिनपगारी. टॅमसिनने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि काय बोलायचं त्याचा कागदही दिला आहे. तिचे वडील, आमचे जुने तांडेल सायलस, तेही असंच करायचे. फक्त ते कागद द्यायचे नाहीत, नुसते बघायचे.

तर कागदाप्रमाणे. हेडली आणि लव्हडे यांनी चार वर्षांत, एका जुनाट गाडीतून, या बेटांच्या किनाऱ्यावरची दोनशे सदतीस लाइफबोट स्टेशनं पाहिली. आपलं दोनशे अडतिसावं आणि शेवटचं. टाळ्या वाजवा ना, मला श्वास घेऊ द्या.

प्रवास सुखाचा झाला असं कागदावर लिहिलंय. कुणी लिहिलं हे? शेटलंडमध्ये वाऱ्याने गाडीचं दार बिजागरीसकट उपटून नेलं, पुढचे सहाशे मैल लव्हडे मांडीवर ताडपत्री धरून बसली होती. आयर्लंडला जाताना हा चाळीस वर्षं मासेमारी केलेला गडी फेरीबोटीत इतका ओकला की एका आजीबाईंनी त्याला आल्याच्या बिस्किटांचा पुडा दिला आणि विचारलं, "पहिल्यांदाच समुद्र बघताय का हो?" आणि उत्तरेकडच्या एका बंदरात, गावाचं नाव घेत नाही, गुत्त्यात एक जण म्हणाला, लाइफबोटवाले काय, हौशे-नवशे, मिरवायला जातात. हेडलीने ग्लास खाली ठेवला आणि त्याचे पुढचे दोन दात पाडले. तो उठला, तर लव्हडेने थर्मास घातला डोक्यात. हसू नकोस लव्हडे, स्टीलचा होता तो! दुसऱ्या दिवशी हेडली सुजलेल्या डोळ्याने तिथल्या स्टेशनवर गेला, तेव्हा सगळे खलाशी चहाचे मग घेऊन रांगेत उभे होते म्हणे.

त्यांचे फोटो तुम्ही त्या भिंतीवर बघितलेच असतील. प्रत्येक स्टेशनच्या बोटीपुढे दोघं. मी काल संध्याकाळी एकटा येऊन सगळे बघून गेलो. दोनशे सदतीस फोटो, आणि प्रत्येकात लव्हडे हेडलीच्या उजव्या बाजूला आहे. एकातही डाव्या बाजूला नाही. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं वाकडी आहेत, सगळ्यांना माहीत आहे. ती का वाकडी आहेत, हे या सभागृहात आता मला एकट्यालाच माहीत आहे.

टॅमसिन, हा तुझा कागद मी घडी करून खिशात ठेवतो. रागावू नकोस, बाई.

सव्वीस वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. सकाळचे अकरा वाजले होते. मी मिसेस पास्कोंच्या घराला शिडी लावून खिडक्या रंगवत होतो, तेवढ्यात कमरेचा लाइफबोटीचा पेजर वाजला. 'गर्ल लव्हडे', शेजारच्या बंदराची मासेमारी बोट. हेडलीने लग्नाच्या वर्षी घेतली म्हणून बायकोचं नाव दिलेलं. पंख्यात दोर अडकून यंत्र बंद पडलेलं, नैर्ऋत्येचा वारा, आणि बोट थेट पोर्थकारनच्या किनाऱ्यावरच्या खडपांकडे, खडकांकडे निघालेली. बोटीवर दोघं. मालक हेडली, आणि लव्हडेचा सख्खा धाकटा भाऊ, जोरी ट्रेंबाथ. जोरी चौतीस वर्षांचा होता, नाचायला एक नंबर, आणि सायलसची पाठ फिरली की त्यांची नक्कल करायचा.

आम्ही सात जण निघालो. समुद्र कसा होता ते सांगत बसत नाही, इथे निम्म्यांनी तो पाहिलाय. पहिल्यांदा जवळ गेलो तेव्हा लाटेने आम्हाला त्यांच्या बोटीवर आपटलं आणि आमच्या उजव्या बाजूचा कठडा मोडला. दुसऱ्यांदा सायलसचा जबडा सुकाणूच्या चाकावर आदळला. ते दात थुंकले आणि म्हणाले, "पुन्हा." तिसऱ्यांदा पोहोचलो तेव्हा 'गर्ल लव्हडे' आडवी झाली होती आणि दोघं पाण्यात होते.

आता नीट ऐका, कारण हे मी दुसऱ्यांदा सांगू शकणार नाही.

हेडलीचा उजवा हात आमच्यातल्या दोघांनी धरला होता. त्याच्या डाव्या हातात जोरीची कॉलर होती. जोरीच्या पायाला दोराचा वेढा बसला होता, आणि त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला बुडणारी बोट होती. मी कठड्यावरून कमरेपर्यंत खाली लोंबकळलो, सुरी हातात. पाय पाण्याखाली कुठे होता ते दिसतही नव्हतं. दोन वेळा बुडी मारल्यासारखं डोकं पाण्यात घातलं, सुरी फिरवली. दुसऱ्या वेळी सुरीच गेली. बोट जोरीला ओढत होती, जोरी हेडलीला, हेडली आमच्या त्या दोघांना, आणि आमची लाइफबोट त्या बाजूला कलत चालली होती. खडप तीस हातांवर. सायलस चाकावर, त्यांना आमच्याकडचं काही दिसत नव्हतं. त्यांनी मला काहीही सांगितलं नाही. कुणीच सांगितलं नाही.

मी लांब दांड्याची आकडी उचलली आणि तिच्या लोखंडी टोकाने हेडलीच्या डाव्या हातावर मारलं.

पहिल्या फटक्याला त्याने मला आईवरून शिवी दिली. दुसऱ्या फटक्याला हाडं मोडल्याचा आवाज मला त्या वाऱ्यातही आला, पण मूठ उघडली नाही. मोडक्या बोटांनी धरून होता तो. तिसरा फटका मी दोन्ही हातांनी घातला.

मग मूठ उघडली.

तुम्हाला वाटेल, डेंझिल आता सांगेल की जोरी आधीच गेला होता. नाही. जोरी जिवंत होता. तो माझ्याकडे बघत होता. तुम्हाला वाटेल, त्याने मान हलवली असेल, हेडलीला वाचव म्हणून खुणावलं असेल. नाही हलवली. त्याला मरायचं नव्हतं. तो बघत बघत खाली गेला आणि आम्ही खडपांपासून सुटलो.

हेडलीला वर ओढताना बोट डोलली, त्याचं डोकं कठड्याच्या खांबावर आपटलं आणि तो बेशुद्ध पडला. त्याला आठवतं ते इतकंच, की जोरीची कॉलर हातात होती आणि मग नव्हती. बोटं दोन बोटींच्या मध्ये चेंगरली असतील असं इस्पितळात म्हणाले. आमच्यापैकी कुणी त्यांना काही वेगळं सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? जुन्या खलाशांना माहीत आहे. आपल्याकडे रीत आहे, लाइफबोटीवर 'मी' नसतो. कुणी कुणाला वाचवलं, कुणाच्या हातून कोण निसटलं, यात कुणाचं नाव येत नाही. जे केलं ते बोटीने केलं. त्या दुपारी बोटघरात मी सायलसना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडातलं रक्त पुसलं आणि म्हणाले, "पोरा, हे बोटीने केलं. सात जणांनी केलं. एकट्याने उचललंस तर पुढच्या वेळी पेजर वाजल्यावर तू येणार नाहीस." बाकीच्यांनी माना डोलावल्या. टॅमसिन, तुझे वडील माझ्यावर मायाच करत होते. आणि त्यांचं खरंही होतं, मी पुढची पंचवीस वर्षं येत राहिलो. त्या सातांपैकी सहा जण आता चर्चच्या आवारात मातीखाली आहेत. उरलो मी.

पण बोटीने केलं म्हणताना आम्ही सात जणच मोजले. आठवा माणूस स्ट्रेचरवर होता, त्याला कुणी मोजलं नाही.

लव्हडे, त्या दिवशी धक्क्यावर तू धावत आलीस. हेडली नुकताच शुद्धीवर आला होता. तू विचारलंस, "जोरी कुठाय?" तो म्हणाला, "सुटला गं माझ्या हातून." तू त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला लागलीस. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं तरी तू मारत होतीस. "सोडलंस! माझ्या भावाला सोडलंस तू!" तीन बायकांनी तुला मागे खेचलं. मी दहा पावलांवर उभा होतो. आकडी अजून माझ्या हातात होती. मी काही बोललो नाही. आयुष्यात इतकी हलकट गोष्ट मी दुसरी केली नाही. आकडीचे ते तीन फटके मी आजही मारीन, तशीच वेळ आली तर आजही मारीन. पण ते दहा पावलांचं गप्प राहणं मला कधीच पचलं नाही.

आणि मग तीन वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून एका तांडेल मित्राचा फोन आला. म्हणाला, "अरे, तुझ्या बाजूचं एक जोडपं येऊन गेलं. बाईने विणलेल्या टोप्या दिल्या. म्हाताऱ्याने भेटवहीत एक विचित्र ओळ लिहिली आहे, वाचू?" त्याने वाचली. 'जोरी ट्रेंबाथच्या आठवणीत. मी त्याला सोडलं. हेडली नॅन्कारो.' मी दुसऱ्या स्टेशनला फोन केला, तिसऱ्याला केला. सगळीकडे तीच ओळ. हेडली, तू किनारा बघायला निघाला नव्हतास. तू प्रत्येक दारात जाऊन गुन्हा कबूल करत होतास, आणि आमचं दार शेवटी ठेवलं होतंस, कारण इथे तुला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

तेव्हाच गाडी काढून तुला गाठायला हवं होतं. मी तीन वर्षं वाट बघितली. तू कंटाळशील, वाटेत थांबशील, इथे येणारच नाहीस, असं मनात म्हणत राहिलो. समुद्राला मी कधी घाबरलो नाही असं हे लोक माझ्याबद्दल सांगतात. तुला घाबरलो.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. ज्यांच्यासमोर तुला मार बसला त्यातले बरेच जण इथे आहेत, त्यांनीही ऐकावं. हेडली, तू जोरीला सोडलं नव्हतंस. हाडं मोडली तरी सोडलं नव्हतंस. तुझी मूठ मी सोडवली. मी, डेंझिल रोस्करोने. बोटीने नाही.

बसून राहा हेडली, घाई नाही. पाणी द्या कुणीतरी त्यांना.

आमची भेटवही तिथे टेबलावर आहे, पेनही आहे. सकाळी तू म्हणालास, कार्यक्रमानंतर लिहितो. लिही, न लिही, तुझी मर्जी. पण ती ओळ मी या वहीत लिहू देणार नाही. आणि त्या दोनशे सदतीस वह्यांची यादी माझ्याकडे आहे. गाडी भरून तयार आहे, उद्या निघतो. प्रत्येक वहीत तुझ्या ओळीखाली माझ्या नावाने खरं काय ते लिहून येईन.

लव्हडे, धक्क्यावरचे ते गुद्दे माझे होते. हेडलीने माझ्या वाटणीचे खाल्ले. मी इथे उभा आहे, मध्ये तीनच पायऱ्या आहेत, आणि धर्मगुरूंनी कृपया डोळे मिटून घ्यावेत.

भाषण संपवताना बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या, असं म्हणायचं असतं. आज कमी-जास्त काही बोललो नाही. सव्वीस वर्षं जे बोललो नाही, त्याबद्दल या दोघांची क्षमा मागतो, आणि जमली तर करा, नाही जमली तर तेही मला समजेल. अध्यक्षांचे, मदत मंडळाचे, आणि शेवटपर्यंत दारातून न सटकलेल्या मित्रांचे आभार...

थांबा. लव्हडे उठली. कुणी तिला धरू नका. त्या दिवशी धरलं होतंत ते पुरे झालं. येऊ दे तिला.

नाही, ती इकडे येत नाहीये.

ती खुर्ची ओढतेय. खुर्चीचा पाय गालिच्यात अडकलाय, टॅमसिन, जरा उचल. हां. तिने खुर्ची हेडलीच्या डाव्या बाजूला ठेवली आहे.

बोटीपुढचा आजचा फोटो काढायचा राहिला होता ना? फोटोवाले कुठे आहेत? बोटघरात नको, इथेच काढा. तिला तिथून उठवू नका. तो हात तिने धरलाय, तो दिसेल असा काढा. मी मधून बाजूला होतो.