बूट घट्ट होतात का?

…नाही, पण मला एक सांगा, मी काय समजून परत आले होते? मला वाटलं होतं, हृदयाच्या डॉक्टरांची परिषद म्हणजे नुसती खडाजंगी! ग्लासगोला शिकत होते तेव्हा पाहिलंय ना मी, तिथं काल आलेली पोरगी भर सभेत उठून पांढऱ्या केसांच्या प्रोफेसरला सांगायची, 'तुमचं गणित चुकलंय', आणि तो म्हातारा म्हणायचा, 'अरेच्चा, खरंच की!' म्हटलं, हेच आपल्याकडे न्यायचं. आपल्या म्हाताऱ्या माणसांची हृदयं थकतायत, अंगात पाणी साठतंय, बिचारी पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात येतायत, तर आपण जायचं, संशोधन करायचं, भांडायचं, देश बदलायचा! आले की हो. बुसानची परिषद, समुद्रावरचं हॉटेल, देशभरातले डॉक्टर… आणि सापडलं काय? एक जण भाषण करतो, दुसरा उठतो, कमरेत वाकतो, म्हणतो, 'फार मोलाचं ऐकायला मिळालं', आणि खाली बसतो. संपलं! गणित चुकलेलं तसंच! शेजारी आमचे प्यो सर बसले होते. प्यो सर म्हणजे विभागात माझ्या वरचे आणि मोठ्या सरांच्या खालचे, थोडक्यात दोन्हीकडून भरडलेले. मी म्हटलं, 'सर, अहो तो आलेख उलटा लावलाय!' तर म्हणतात, 'दिसतंय गं. पण त्यांना सांगणार कोण?'

सांगणार कोण! हे आमच्या धंद्याचं ब्रीदवाक्य आहे, तुम्हाला सांगते. दारावर पाटी लावायला हरकत नाही.

आता मोठे सर. प्रोफेसर ह्वांगबो. हार्ट फेल्युअरमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. सोलपासून इथपर्यंत कुठल्याही दवाखान्यात जा, भिंतीवर त्यांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'सूप ठेवा, हृदय वाचवा'. म्हणजे सूप वाटीतच ठेवा, मीठ असतं त्यात. तर माझं संशोधन काय होतं? साधं. पेशंटनं रोज सकाळी वजन करायचं, आपण फोन करायचा, आणि एक प्रश्न विचारायचा, 'आजोबा, बूट घट्ट होतात का?' कारण आमचे म्हातारे मरतील पण 'पायाला सूज आहे' म्हणणार नाहीत, म्हणतील 'हल्ली चामडं चांगलं येत नाही, बूट आकसतात'! तुम्ही बूट पकडलात की सूज सापडली. मोठ्या सरांनी तो कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, 'डॉक्टर सॉल, आपण हृदयाचे तज्ज्ञ आहोत की बुटांचे दुकानदार?' झालं! सगळा विभाग हसला. प्यो सर तर इतके हसले की मला त्यांच्या बरगड्यांची काळजी वाटली. प्रश्न खोडला. आणि उरलेलं संशोधन? ते आवडलं हो त्यांना! इतकं आवडलं की परिषदेचं मुख्य भाषण त्याच्यावरच, सरांचं, दुसऱ्या दिवशी सकाळी. पडद्यावर नावं काय? 'ह्वांगबो, प्यो आणि इतर.'

इतर! मी! दोन हिवाळे बर्फातून म्हाताऱ्यांच्या घरी वजनकाटे पोचवले मी, आणि मी इतर! प्यो सरांना म्हटलं, 'हा अन्याय आहे.' 'आहे ना.' 'मग सांगा ना त्यांना!' 'अगं, सांगणार कोण?'

मग ठरवलं. सूड. उद्या भाषण संपलं की माइकपाशी जायचं आणि भर सभागृहात विचारायचं, 'सर, हे वजनकाटे कुठल्या रंगाचे होते हो?' एवढंच. एकही काटा पाहिलेला नाही त्यांनी, घाम फुटला पाहिजे! आरशासमोर तालीमही केली. आणि मग त्या संध्याकाळी विभागाचं जेवण निघालं.

बाजारातलं जुनं गुकबाप्‌चं दुकान, डुकराच्या हाडांचं सूप आणि भात, खाली बसून जेवायचं. म्हणजे दारात बूट काढायचे. मोठे सर आधी, मग बाकीचे. सर बाकावर बसले, प्यो सर गुडघ्यावर, बूट निघेना. ओढतायत. निघेना! सर म्हणतात, 'हळू, हळू! हल्लीचं चामडं…' आणि निघाला, आणि तुम्हाला सांगते, मोज्याच्या वर जो वळ होता ना, बोट बुडेल असा! घोटा दिसेना. पाय कसला, वाफवलेला पाव! दारात आम्ही वीसेक जण उभे, सगळे हृदयाचे तज्ज्ञ, सगळ्यांची नजर त्या पायावर. आणि एकदम सगळ्यांना छत फार आवडलं! कोणी म्हणतं, 'काय जुन्या तुळया आहेत!' कोणी म्हणतं, 'वास छान सुटलाय!'

मी प्यो सरांना कोपऱ्यात ओढलं. 'सर, पाय पाहिलात?'

'मोजे घट्ट असतील.'

'अहो, मोजे?'

'आगगाडीत बसून आलेत ते.'

'सर, आगगाडीत मीही बसून आले!'

त्यांनी एकदम आवाज खाली आणला. म्हणाले, 'सॉल, मी डॉक्टर आहे, मला कळतं. पण सांगणार कोण? हार्ट फेल्युअरचं पुस्तक त्यांनी लिहिलंय. त्यांना जाऊन म्हणू, सर, तुमचं पुस्तक तुम्हाला झालंय?'

आणि तेव्हा माझ्या डोक्यात सगळे दिवे लागले. राउंडला सर जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबतात आणि एक प्रश्न विचारतात. आम्ही मागे रांगेत, त्यांच्या पुढे कोण जाणार? आम्ही म्हणायचो, काय ती शिकवण्याची तळमळ! कसली तळमळ? धाप लागायची माणसाला! प्रश्न विचारायचे आणि आम्ही उत्तर देईपर्यंत श्वास घ्यायचे! वर्षभर त्या वळणांवर मी वह्या भरल्यात हो!

आत जेवण चालू. सर म्हणतात, 'मावशी, खारवलेली कोळंबी आणा अजून!' मावशी आणते. सर सुपात चमचा चमचा ओततात. आम्ही तोंड बाजूला वळवून सोजूची दारू पितो, वडीलधाऱ्यांसमोर तसंच प्यायचं, आणि त्या दिवशी तर फारच सोयीचं, बघायला नको! मग सरांनी वाटी दोन हातांनी उचलली, तोंडाला लावली, शेवटच्या थेंबापर्यंत. 'आहाहा! सूप टाकून देणाऱ्यानं जेवावंच कशाला?' आणि सगळे काय म्हणाले असतील? 'फार मोलाचं ऐकायला मिळालं, सर!'

आणि मी? खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. म्हटलं, सॉल बाई, गप्प बस. सूड आपोआप शिजतोय, वर मीठही पडतंय. ओढा, सर, अजून एक वाटी ओढा! बुटांचे दुकानदार काय? घ्या!

झोप लागली म्हणता? डोळा मिटला की पाय समोर. आणि पायाच्या मागे माझे वजनकाट्यावरचे सगळे म्हातारे उभे, एकच विचारतायत, 'आमचे बूट विचारलेस, ह्यांचे नाही?'

सकाळी उठले, हॉटेलकडून वजनकाटा मागून घेतला, काखेत मारला आणि सरांच्या खोलीचं दार वाजवलं. सर खुर्चीत, अंगावर कोट, गळ्यात टाय, पायात हॉटेलच्या सपाता. बूट समोर पडलेले. चढत नव्हते.

'काय आहे?'

'सर, बूट घट्ट होतात का?'

ओरडतील म्हणून मी डोळे मिटले होते. उघडले, तर सर स्वतःच्या पायांकडे बघत होते, आमच्या पेशंटसारखे.

'उन्हाळ्यापासून,' म्हणाले. 'रात्री बसूनच झोपतो. सॉल, काल तिथं इतके डॉक्टर होते. कोणाला दिसलं नाही?'

'सगळ्यांना दिसलं, सर.'

'मग?'

'सांगणार कोण?'

मी खाली बसले, नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. सर एवढ्याशा आवाजात म्हणाले, 'फार उशीर नाही ना झाला?' म्हटलं, 'नाही, पण आत्ता हॉस्पिटल. भाषण नाही.' त्यांनी मान डोलावली. माझ्या मनात काय आलं असेल? की आता म्हणतील, सॉल, भाषण तू कर! म्हणाले, 'बरं. भाषण प्योला करायला सांग.'

तिथं, त्या गालिच्यावर, अंगठा अजून नडगीत, मी ठरवलं. हा माणूस मरता कामा नये. मरण म्हणजे सुटका! मी ह्यांना जगवणार, चांगली तीस वर्षं जगवणार, अळणी जगवणार! सूप वाटीत राहील आणि हे बघत बसतील. रोज सकाळी कोंबड्याच्या आधी माझा फोन, 'सर, काट्यावर चढलात? बूट घट्ट होतात का?' आणि उत्तर द्यावं लागेल, रोज, एका बुटांच्या दुकानदारणीला!

आणि मला माहीत आहे पुढं काय होणार. सर ठणठणीत होणार, पुढच्या परिषदेत स्वतःच्या पायांवर मुख्य भाषण करणार, माझा प्रश्न पडद्यावर केवढ्या मोठ्या अक्षरांत झळकणार, सभागृह वाकून म्हणणार, 'फार मोलाचं ऐकायला मिळालं!' आणि खाली नावं? ह्वांगबो, प्यो…

सांगणार कोण म्हणत होतात ना? इतर. इतर सांगतात, दुसरं कोण.