ॲमस्टरडॅमहून आलेला प्रश्न

आता टक्कल बघून हसाल, पण कॉलेजात माझे केस खांद्यापर्यंत होते. वडील, आमचे आबा, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, त्यांना ते बघवायचं न्हाई. त्यात सांगली स्टेशनवर भेटलेला एक हिप्पी मी पलूसला घरी आणला. यान त्याचं नाव, गाव ॲमस्टरडॅम, केस माझ्याहून लांब.

जेवताना मी मुद्दामच म्हणालो, "आबा, याच्या गावात केस वाढवा, रस्त्यात गाणी म्हणा, कुणी कुणाला काय इचारत न्हाई. मी जाणार तिकडं."

आबांचा घास हातातच राहिला. चुलीपुढनं आई म्हणाली, "कुनीच इचारत न्हाई? जेवलास का, असंबी न्हाई?"

मी यानला इंग्रजीत सांगितलं. त्यानं खाली बघूनच 'नाही' अशी मान हलवली. आईनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

दोनेक महिन्यांनी ॲमस्टरडॅमहून त्याचं कार्ड आलं. एकच ओळ होती: 'आईला विचार, ती जेवली का?'

मी मराठी करून मोठ्यानं वाचलं. आमच्या घरात तिला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

चुलीपुढनं आईच म्हणाली, "न्हाई रं, अजून. कळीव त्याला."