मामाची हरकत

चर्चमधल्या लग्नात पाळकसाहेब विचारतात ना, "या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आत्ताच बोला", तेव्हा कोणी खरंच बोललेलं पाहिलंय का तुम्ही? मी पाहिलंय. नवरदेव मीच होतो.

आमचं घराणं आजोबांपासून ख्रिस्ती. पण मामाचा मान काही बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला नव्हता. छावणीतल्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला आणि सिल्लोडहून आलेले माझे सख्खे मामा पहिल्या बाकावरून उठले.

"माझी हाय."

सगळ्या माना मामांकडं वळल्या. नवरीनं माझ्याकडं रोखून पाहिलं. सिल्लोडात माझी आधीची बायको असणार, असं तिला वाटलं म्हणे.

"बोला," पाळकसाहेब म्हणाले.

"पोरीकडच्यांनी मामाला टोपी-टॉवेल दिला नाय."

"मामा, पवित्र शास्त्रात ही हरकत बसत नाही."

"मग इचारता कशाला?"

सासरे तसेच बाहेर पळाले. जेवणानंतर द्यायचा म्हणून आहेर मांडवात ठेवला होता, तो घेऊन आले. मामांनी टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर घातली. पाळकसाहेबांनी डोळे वटारले तेव्हा चर्च आहे हे आठवून टोपी काढली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता होऊ द्या."

पाळकसाहेब आता म्हातारे झालेत. पण अजूनही लग्न लावताना त्या प्रश्नाच्या आधी नवरीच्या बापाकडं वाकून हळूच विचारतात, "मामांचं झालं का?"