पाणघोड्याचा राखणदार

...नाही, पैसे बुडाले त्याचं मला काही नाही, म्हणजे आहे, आहेच हो, पण तुम्हाला सांगतो, बुडवले कुणी? परक्यानं बुडवले असते तर दोन शिव्या हासडून गप्प बसलो असतो, पण साडूनं? बायकोच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानं? आपली माणसं हो, आपली माणसं!

मी दात करतो. डॉक्टर नाही मी. डॉक्टर तुमच्या तोंडात तो चिकट लगदा कोंबून माप घेतात ना, ते माप आमच्या लॅबमध्ये येतं, आणि त्यावरून कवळ्या, कॅपा, ब्रिज जे काय असेल ते मी घडवतो. मालकाच्या टेबलावर, मालकाच्या भट्टीत, अर्धं आयुष्य गेलं. म्हणून आम्ही नवरा-बायकोनं पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते, दात भाजायची स्वतःची भट्टी घ्यायची, मागच्या खोलीत स्वतःचं काम सुरू करायचं. भट्टी पसंतसुद्धा झाली होती. आणि तेवढ्यात साडूभाऊ आले, फोन माझ्या नाकासमोर धरला. बघतो तर जांभई देणारा पाणघोडा.

‘हे काय?’

‘कॉईन. क्रिप्टो, फोनवरचं नाणं. घ्यायचं आणि धरून बसायचं.’

‘पण याच्यामागं आहे काय? कंपनी, कारखाना, काहीतरी?’

‘पाणघोडा आहे ना,’ म्हणाले.

हसा, हसा तुम्ही. तेव्हा भाव उतू जाणाऱ्या दुधासारखा वर येत होता, कुणाला सुचतंय विचार करायला? भट्टीचे पैसे घातले. सगळे. आणि साडूभाऊंनी मला ग्रुपमध्ये घेतलं. काय ग्रुप होता म्हणून सांगू... सकाळी उठल्या उठल्या एकानं ‘आ’ लिहायचं, की हजार माणसं उलट लिहिणार ‘आऽऽ’. विकायचं नाव काढील तो मिटक्या, म्हणजे तोंड मिटून पळणारा. मी आपलं सहज लिहिलं, या पाणघोड्याचे खालचे सुळे चुकलेत, असे असतील तर बिचारा जेवणार कसा? झालं, त्यांनी कॉईनवरचं चित्र बदललं आणि मला ग्रुपचा राखणदार केलं! अहो, मालकानं कधी माझ्या कामाला बरं म्हटलं नाही, आणि इथं कुठली कुठली माणसं मला ‘राखणदार काका’ म्हणायला लागली. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, हीच आपली माणसं.

राखणदाराचं काम काय, तर घाबरलेल्याला धीर द्यायचा. भाव घसरायला लागला तसं काम वाढलं. एका हातात कवळी, दुसऱ्या हातात फोन. ‘घट्ट धरा, दादा.’ ‘ताई, रडू नका, पाणघोडा जांभई देतोय, मेला नाहीये.’ बायको म्हणाली, ‘अहो, निम्मे तरी काढा.’ मी काय म्हणालो माहितीये? ‘मिटक्यासारखं बोलू नकोस.’ स्वतःच्या बायकोला! दोन दिवस ताट नुसतं आपटत होती.

आणि एक दिवस टेबलावर माप आलं. चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता नंबर. वरच्या-खालच्या सगळ्या दातांना कॅपा, सगळ्यात भारी सिरॅमिक. म्हटलं, कोण हा भाग्यवान? प्लास्टर ओतलं, साचा सोडवला आणि हात थांबला. वरचे दोन दात एकमेकांवर मांडी घालून बसलेले, आणि खालच्या दाताचा टवका उडालेला. तो टवका माझ्याच लग्नात उडालाय, दातानं बाटलीचं झाकण उघडताना, मी शेजारी उभा होतो! आणि त्याच सकाळी ग्रुपवर याच तोंडानं लिहिलेलं, ‘विकणारा आपला नाही.’ आपली माणसं हो...

तसाच गेलो साडूभाऊंच्या घरी. तोंडावर रुमाल धरून बसलेले.

‘साडूभाऊ, तुम्ही विकलंत?’

‘छे छे, विकलं कुठं? थोडं बाजूला काढलं.’

‘आणि आम्हाला का थांबवलंत?’

‘तुम्ही सगळ्यांनी एकदम विकलं असतं तर भाव कोसळला नसता का? तुमच्याच भल्यासाठी थांबवलं.’

भाव तर त्याच आठवड्यात मातीत गेला, ग्रुपवर ‘आ’ करायलासुद्धा कुणी उरलं नाही. मनात आलं, एक दात किंचित उंच ठेवावा, प्रत्येक घासाला माझी आठवण येईल. पण हात ऐकेना हो. मालकाच्या भट्टीत, मी घेणार होतो तसल्याच भट्टीत, एकेक दात असा भाजून काढला की मालक पहिल्यांदा म्हणाले, ‘वा.’ फार वाईट वाटलं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम त्या माणसाच्या तोंडात आहे.

परवा साडूभाऊंनी नवं कॉईन आणलं. चित्र काय, तर नुसती हसणारी बत्तिशी. मी केलेली! बायको म्हणाली, ‘यात एक पैसा घातलात तर याद राखा.’ नाही घातला. शपथ, एक पैसा नाही, आणि घालायला उरलाय कुठं? फक्त... त्यांना राखणदार हवा होता, अनुभवी माणूस पाहिजे म्हणाले. सकाळपासून चौघांना धीर देऊन झालाय.