शरच्चंद्र लिमये बेपत्ता नसल्याबाबत

जबाब
दि. २१ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

नाव बशीर दस्तगीर तांबोळी, वय ६२ वर्षे, धंदा घड्याळ दुरुस्ती, रा. खणभाग, सांगली.

मला ठाण्यात बोलावल्यावरून मी स्वतः हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी जरिना हिच्यासह राहतो. शरच्चंद्र वामन लिमये, निवृत्त चित्रकला शिक्षक, रा. गावभाग, सांगली, हे माझे पाचवीपासूनचे मित्र आहेत. ते बेपत्ता झाल्याची खबर त्यांची मुलगी मयूरी हिने १९ तारखेला या ठाण्यात दिली. ती तिने माझ्या सांगण्यावरून दिली. ते बेपत्ता नव्हते.

शरच्चंद्र यांच्या पत्नी शकुंतला एप्रिलमध्ये वारल्या. तेव्हापासून ते कोणाशी बोलत नसत. रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसत व मी बोलत असे. सप्टेंबरअखेर एके दिवशी ते मला कृष्णेच्या घाटाखाली कमरेइतक्या पाण्यात उभे दिसले. मी हाक मारली, ते बाहेर आले. ते तिथे का उभे होते, हे मी विचारले नाही. मी त्यांना गाड्यावर नेऊन भजी खायला घातली व भज्यांविषयी बोललो.

हा प्रकार मी मयूरीला कळवला. ती म्हणाली, "काका, त्यांना पाण्याजवळ एकटं सोडू नका." मी बरं म्हणालो. त्यानंतर मी त्यांना समुद्रावर घेऊन गेलो.

साहेबांनी याचे कारण विचारले. गुहागर ते मालवण किनाऱ्याने चालत जायचे, असे आम्ही दोघांनी तिशीत ठरवले होते व ते राहून गेले होते. हवापालटाने माणूस बोलता होईल, असे मला वाटले. यात काही उलटे होत आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. जरिनाच्या आले होते. ती म्हणाली, "आवं, इहिरीला भिऊन धरणात उडी मारणारं तुमीच पयलं." मयूरीला आम्ही पाचगणीला जात असल्याचे सांगितले. ते खोटे होते व ते मी बोललो.

दि. १६ रोजी आम्ही एसटीने कराड, चिपळूणमार्गे गुहागरला पोचलो. दि. १७ रोजी सकाळी सहाला चालायला सुरुवात केली. मी रोज घाटावर सहा फेऱ्या मारतो व तसे सर्वांना सांगत असतो. घाटावर फरशी आहे. वाळूत माझ्या नव्या बुटांनी साडेआठ वाजताच दोन्ही टाचा सोलल्या. उन्हाचा चटका होता व दुपारी तीनला परतीचा पाऊस येऊन आम्हाला भिजवून गेला. वेळणेश्वरपर्यंत शरच्चंद्र यांनी स्वतःची व माझी अशा दोन्ही पिशव्या उचलल्या. मी त्यांना सांभाळण्यासाठी गेलो होतो.

दि. १८ रोजी आम्ही हेदवीत एका बाईंच्या घरी मुक्काम केला. मी जेवून लगेच झोपलो.

दि. १९ रोजी सकाळी सातला मला जाग आली. शेजारची खाट रिकामी होती. खाटेवर शरच्चंद्र यांचा फोन ठेवलेला होता. मी किनाऱ्यावर गेलो. वाळूत चपलांचे ठसे होते व ते पाण्याच्या दिशेने जाऊन संपत होते. मी मयूरीला फोन करून "तुझा बाबा गेला" असे म्हणालो. मला त्याहून बरे शब्द सुचले नाहीत. त्यानंतर मी लुंगीसह समुद्रात शिरलो.

मला पोहता येत नाही. हे मला पाण्यात गेल्यावर आठवले. दुसऱ्या लाटेत मी पडलो व माझी वरची कवळी वाहून गेली. जाळी सुकवणाऱ्या दोघांनी मला ओढून बाहेर काढले. "आजोबा, पोहायची एवढी हौस?" असे त्यांपैकी एकाने विचारले.

मुक्कामाच्या घरच्या बाईंचा भाऊ तवसाळच्या धक्क्यावर असतो. शरच्चंद्र यांच्यासारखी पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ नऊच्या फेरीबोटीने जयगडला उतरून गेल्याचे त्याने फोनवर सांगितले. बाईंच्या मुलाचा शर्ट घालून, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून व पुढे फेरीबोटीने मी दुपारी बाराला जयगडला पोचलो. शरच्चंद्र धक्क्याजवळच्या टपरीवर चहा पीत होते.

मी विचारले, "कुटं गेलतास रं?"

ते म्हणाले, "रात्री सांगितलं होतं तुला. पहाटे पुढे निघतो, तू टाचा सांभाळत एसटीने ये, मी जयगडला थांबतो. तू 'व्हय व्हय' म्हणालास."

मी झोपेतही व्हय म्हणतो, हे जरिना पस्तीस वर्षे सांगत आहे.

मी शरच्चंद्र यांच्या गालावर एक चापट मारली. याबाबत त्यांची तक्रार नाही. मग मी तेथेच बाकावर बसलो. ते म्हणाले, "अरे, झालं काय?" मी म्हणालो, "मला वाटलं तू मेलास. त्या दिवशी नदीत हुबा हुतास तू."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "शकूच्या अस्थी तिथंच सोडल्या होत्या, बशीर. पाणी उतरलं होतं, म्हणून त्या जागेपर्यंत गेलो. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"मग आपनहून का न्हाई सांगितलंस?"

"तू भज्यांचं बोलत होतास."

यानंतर ते दुपारी चार वाजेपर्यंत बोलत होते. काय बोलले, ते या कामी आवश्यक नाही.

खाटेवरचा त्यांचा फोन मी सोबत आणला होता; त्यावरून शरच्चंद्र यांनी तेथूनच मयूरीला फोन केला व तो बंद करून मला ठेवायला दिला. सोबत कोणी बोलणारे नको, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. दि. २० रोजी सकाळी ते मालवणपर्यंत जायचे म्हणून गणपतीपुळ्याच्या दिशेने एकटे चालत निघाले. रोज संध्याकाळी कोणाच्या तरी फोनवरून खुशाली कळवणार आहेत. कालची आली. मी एसटीने सांगलीस आलो. मला मोठी दुखापत झालेली नाही, फक्त लाटेत पडून गुडघा सुजला आहे.

आज ठाण्याच्या व्हरांड्यात मयूरी भेटली. खोटे बोलल्याबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "काका, माझ्याशी ते फोनवर 'बरा आहे' एवढंच म्हणाले. तुमच्याशी तरी बोलतात का?"

मी म्हणालो, "मयूरी, शकूवहिनीचं नाव काढलं की थांबतच न्हाई गं त्यो. तू विचार."

ती बाकावर बसली. मग तिने मालवणची गाडी किती वाजता सुटते, ते विचारले. मी सांगितले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच यात उतरले आहे, ते खरे आहे व मी शुद्धीवर राहून सही करीत आहे.

(सही) बशीर दस्तगीर तांबोळी