खाणीतला माणूस

दाढ सुजलेल्या मास्तरांना तोंड उघडायची सोय नव्हती. दाताच्या दवाखान्यात ते गालाला रुमाल धरून बसले होते, कान मात्र शाबूत होते. शेजारच्या बाकावर नवरा-बायकोची जुंपली होती.

“माझं खातंच बंद केलं! म्हणे, हा माणूस नाही, यंत्र खेळतंय.”

“त्या गेममधलं?”

“नाहीतर काय! खाणीत स्वतःच्या हातानं दगड फोडून सोनं जमवत होतो मी.”

“आणि खऱ्या पैशाला विकत होतास. ते चालतं गेमच्या कंपनीला?”

“अगं, सगळेच विकतात! ते बॉटवाले आपोआप खेळणारे शंभर-शंभर खोटे खेळाडू सोडून अख्खी खाण उपसतात, त्यांच्या केसालाही धक्का नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“पण तू त्यांना यंत्र वाटलासच कसा?”

“कंपनीचा पहारेकरी आला खाणीत. मला लिहून विचारलं, ‘कोणी आहे का तिकडे?’”

“मग?”

“मग काय? मी दगड फोडत राहिलो. गप्पा मारत बसलो तर शेजारचा माझा दगड पळवेल.”

“एकदाच विचारलं?”

“तीनदा.”

“आणि तू ओ दिली नाहीस.”

“हातातलं काम सोडून?”

“काल दाढेनं जीव जात होता, तेव्हा मीही आतून तुला हाका मारत होते.”

“अगं, तेव्हा मी खाणीत...”

“त्यांना तीन हाकांत कळलं रे. मीच खुळी, लग्नापासून हाका मारतेय.”