दोन दारांचं बाक

— दातासाठी? बरं. मग त्या दाराकडे बघ ना पोरी, ह्या दाराकडे कशाला बघतेस? दातवाल्याचं दार ते, पांढरं, हसरा जबडा चिकटवलाय बघ त्याच्यावर. हे काचेचं दार बाईंचं, मनाचं ऐकून घेतात त्या बाईंचं. बाक एकच, दोघांत मिळून. त्यामुळे इथं जो बसतो तो दातासाठीच आलेला असतो! मीसुद्धा पहिल्यांदा दातासाठीच आले होते. शेजारी एक म्हातारा बसला होता, तोंडात एक दात शिल्लक नव्हता, आणि तोही दातासाठीच आला होता. — हस, हस. नको, राहू दे, गाल ताणतोय तुझा. सरक जरा, पिशवी ठेवते खाली. तिला पाय लावू नकोस. जड आहे.

काय होतं आत, हेच ना? तोंडानं नाही विचारलंस, पण मान सारखी तिकडेच वळतेय. सांगते. काही होत नाही. आडवं निजवत नाहीत, सुई टोचत नाहीत, डोळ्यांपुढे काही हलवत नाहीत — मला वाटलं होतं झोपवतील आणि पोटातलं सगळं काढून घेतील. तसलं काही नाही. दोन खुर्च्या, एक मोठी, एक साधी. कुठली घ्यायची ते आपण ठरवायचं. मी मोठी घेतली. बाई बसल्या साध्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, आणि म्हणाल्या, कशामुळे यावंसं वाटलं? मी म्हटलं, मला कुठं वाटलंय, पोरीनं धाडलंय. तर म्हणाल्या, बरं, मग तिथूनच सुरू करू. आणि गप्प! गप्प म्हणजे अशा गप्प की आपल्यालाच घाम फुटावा. दुकानात गिऱ्हाईक गप्प राहिलं तर मी विचारते, काय हवंय, नाहीतर बाजूला हो. इथं आपणच गिऱ्हाईक, आणि काय हवंय ते आपल्यालाच ठाऊक नाही. उपदेश करतील म्हणशील, तर तेही नाही. नवऱ्याला सोड म्हणणार नाहीत, धरून ठेव म्हणणार नाहीत. नको त्या प्रश्नाला नाही म्हणायचं, रागवत नाहीत. रडू आलं तर कागदी रुमालांची पेटी असते, ती पुढं सरकवतात, पण पाठीवर हात फिरवायला येत नाहीत. मला ते बरं वाटलं. पाठीवर कुणी हात फिरवला की मला चावावंसं वाटतं.

आणि एक आधीच सांगून ठेवते. पहिल्या वेळेनंतर बरं वाटणार नाही. घरी गेलीस की जास्तच ठसठसेल, वाटेल कशाला गेले मी तिथं मरायला. गळू फोडलं की आधी घाणच येते ना — तसं. तेव्हा पळू नकोस. मी पळाले होते. परत आले.

हॉर्न वाजला की दचकतेस का गं? खाली गाडीत कोण आहे? नवरा? — हं. म्हणजे दातासाठी हे त्याला सांगितलंय तर. शहाणी आहेस. जबडा सुजलेलाच आहे, खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही. आणि सुजवला त्यानंच. म्हणजे स्वतःच मारायचं आणि स्वतःच गाडीतून दाताला घेऊन यायचं! काय प्रेमळ माणूस!

नको, बाही ओढू नकोस खाली. मी बघितलंय. माझं मटणाचं दुकान आहे, बाई, आयुष्य गेलं त्यात. जनावराला कापायच्या आधी कुणी काठीनं बडवलं असेल ना, तर कातडं सोलल्यावर आत मांस काळंनिळं निघतं. वरून काही दिसत नाही, गुळगुळीत. आत साकळलेलं रक्त. ते आम्ही कापून टाकतो, कुत्रीसुद्धा हुंगून सोडतात. तुझ्या मनगटावरचं जुनं आहे, पिवळं पडायला लागलंय. गालावरचं ताजं. — आता रडू नकोस. आत रड, तिथं पेटी आहे.

तर, नेम. बाईंचा एक नेम आहे, पहिल्याच दिवशी सांगतात. इथं बोललेलं ह्या खोलीतून बाहेर जाणार नाही. फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं, तर मला गप्प बसता येणार नाही. मी विचारलं, कुणाच्या जिवाला? म्हणाल्या, तुमच्या किंवा दुसऱ्याच्या. झालं! मी तोंडाला कुलूप घातलं. कितीतरी आठवडे मी त्यांना गुडघेदुखी सांगितली, शेजारणीची भांडणं सांगितली, ताकास तूर लागू दिली नाही. त्या ऐकून घ्यायच्या. मग एक दिवस मांडीवर उशी ठेवली माझ्या आणि म्हणाल्या, राग आला की तुमचे हात काय करतात, ते दाखवा. मी म्हटलं, हे काय पोरखेळ! पण हात उचलला — आणि नंतरचं मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा उशीची खोळ उभी फाटलेली, कापूस पंख्यापर्यंत उडालेला, आणि मी खाली गुडघ्यांवर बसून खुर्चीच्या पायावर रिकामा हात हाणतेय, हाणतेय. बोटं सोललेली. आणि बाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? किंचाळल्या नाहीत, उठल्या नाहीत. म्हणाल्या, त्या हातात काय होतं?

सत्तूर होता. दुसरं काय असणार माझ्या हातात?

परत वाजवला बघ. वाजव मेल्या, वाजव. दात काढायला वेळ लागतो म्हणावं.

माझा जावई, तोही असलाच. हॉर्नवाला. दारात उभा राहून गाडी वाजवायचा, आणि माझी पोरगी हातातलं ताट टाकून पळायची. पळता पळता ओढणी नीट करायची, गळ्यावरचं झाकायला. मला काय सांगायची? कपाटाचं दार लागलं. पायरी चुकली. बाथरूममध्ये घसरले. मी म्हणायचे, अगं, तुझ्या घरात कपाटं किती आहेत? — तीच गळ्यावर पाच बोटं घेऊन एक दिवस दुकानात आली, आणि मागोमाग तो. गिऱ्हाइकांपुढे तिचा दंड धरला, चल म्हणाला. मी ओंडक्यावर बरगड्या तोडत होते. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. त्याचं मनगट धरलं, हात ओंडक्यावर घेतला, बोकडाचा पाय घेतात तसा, आणि वरून सत्तूर — करंगळीचं पेर उडालं. बरगड्यांच्या तुकड्यांत जाऊन पडलं. त्याच्या आधी किंकाळी गिऱ्हाइकानं मारली. मी परत उचलला. आता मनगट घेणार होते. देवाशपथ, मनगटच घेणार होते, आणि मग मान. त्याची पँट ओली झालेली, आणि मला कसं गार गार वाटत होतं आतून, उन्हातून आल्यावर पाणी प्यावं तसं.

आणि मधे कोण आलं? माझी पोरगी. त्याच्या पुढे उभी राहिली, दोन्ही हात पसरून. मी म्हटलं, बाजूला हो. ती हलली नाही. आणि तिनं डोकं कसं धरलं माहितीये? असं — खांदे वर, मान आत, डोळे बारीक. आत्ता खालचा हॉर्न वाजल्यावर तू धरलंस तसं! त्याच्या माराला ती जशी अंग चोरायची, तशी माझ्यापुढे अंग चोरून उभी होती. माझ्यापुढे! मी दूध पाजलंय तिला! — सत्तूर वर, आणि माझी पोरगी नवऱ्याला घाबरावं तशी मला घाबरलेली.

बोटाचं सांगितलंय बाईंना, पण हे, पोरीचं अंग चोरणं, त्यांनासुद्धा अजून सांगितलं नाहीये. तुला का सांगतेय, देव जाणे. तू दातासाठी आलीस म्हणून असेल.

त्यानं बाहेर सांगितलं, यंत्रात बोट गेलं. सासूनं तोडलं हे कुठल्या तोंडानं सांगणार? पोलीस नाही, काही नाही. पोरीनं त्याला सोडला नंतर. माझ्या सत्तुरानं नाही सोडला, हे लक्षात ठेव, तिच्या तिनं सोडला, एका सकाळी पोराला कडेवर घेऊन, पायांत चपलासुद्धा न घालता. मी वाट बघत बसले, आता येईल, आई आहे ना. ती मैत्रिणीच्या खोलीवर गेली. आईकडे नाही आली. निरोप धाडला, आधी त्या बाईंकडे जा, मग बघू. नातू चालायला लागला म्हणतात. मला काय ठाऊक.

आता आत कोण आहे, सांगू? तीच. काचेमागे ती निळी सावली दिसतेय ना, ती. आज आधी ती एकटी, मग मला हाक मारतील, दोघी समोरासमोर. बाई म्हणाल्या होत्या, सत्तूर घेऊन या आणि इथं ठेवून जा. मी म्हटलं, मग उद्या दुकानात काय नखांनी तोडू? तर म्हणाल्या, दुकानासाठी दुसरा घ्या, हा इथं ठेवा. तिला बघू द्या तुम्ही ठेवलाय ते. — म्हणून आणलाय. फडक्यात गुंडाळून, पिशवीत. घाबरतेस कशाला? तुझ्यासाठी नाही आणला. सकाळी मूठ पुसताना मनात आलं होतं खरं, की इथं ठेवूच नये, तसाच घेऊन जावयाकडं जावं, त्याचा पत्ता मला ठाऊक आहे. हे बाईंना सांगायचं म्हणजे जिवाच्या धोक्यात येतं ना गं? येत असणार.

थांब. हॉर्न बंद झाला.

गाडीचं दार वाजलं. ऐकलंस? वर येतोय. — नको, खाली जाऊ नकोस! जिना एकच आहे, त्याच्यासमोरच जाशील. दातवाल्याकडे जाशील? पहिल्यांदा तिथंच बघेल तो. ऊठ. ऊठ म्हणते ना! काचेचं दार. ठोठावू नकोस, ढकल. आत दोन बायका आहेत, दोघी जागा देतील तुला, माझी पोरगी तर काही न विचारता देईल, तिला ठाऊक आहे. माझी वेळ तू घे. माझं काय, मी इतके दिवस थांबले, अजून थांबेन.

आणि ही पिशवी ने. हो, ही. दोन्ही हातांनी धर. नाहीतर तो येईल, आणि ही इथं माझ्या पायाशी असेल, आणि मग मला नाही राहवणार, मला ठाऊक आहे मला नाही राहवणार, माझा तळवा आत्ताच खाजतोय. बाईंच्या टेबलावर ठेव. माझ्या पोरीला दिसेल अशी ठेव. सांग, तुझ्या आईनं दिलंय. सांग, आई बाहेर बाकावर आहे, रिकाम्या हातांनी.

रिकाम्या हातांनी मला काय येत नाही का? पंधरा किलोचा बोकड मी एका हातानं आकड्याला टांगते.

जा. कडी लाव आतून. जा!

— या. या, जावईबापू. कुणाच्या तरी पोरीचे नवरेच ना तुम्ही! दम लागला वाटतं जिन्यानं. कुणाला शोधताय? बायकोला? मला नाही दिसली बाई कुणी. बसा. अहो, बसा म्हणते ना, इथं, माझ्या शेजारी. दातासाठी आलात?